जुना सर्व्हर निवृत्त करताना

कोपऱ्यात घरघरणारा डबा चालू आहे तोवर त्याला हात लावायला कोणी धजत नाही. पण विंडोज सर्व्हर 2012 आर2 ला 10 ऑक्टोबर 2023 नंतर मायक्रोसॉफ्टचे नेहमीचे सुरक्षा-अपडेट मिळत नाहीत. दार उभं आहे, कुलूप मात्र गंजलेलं.

स्थलांतर म्हणजे फायली उचलून नव्या यंत्रात टाकणं, असा समज असतो. तो तर सोपा भाग. खरी गोम अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत: कर्मचारी कोण, त्यांचे पासवर्ड काय, कुणाचं खातं कुठल्या गटात, याची ती नोंदवही. म्हणून नवा सर्व्हर आधी जुन्याच्या जोडीला उभा करतात, नोंदवही दोघांत आपोआप जुळू देतात, मग ती सांभाळण्याच्या पाच खास जबाबदाऱ्या नव्याकडे सोपवतात. शेवटी जुन्याला रीतसर पायउतार करायचं. नुसती वायर उपटली तर त्याच्या नोंदी भुतासारख्या मागे रेंगाळतात.

आणि डीएनएस! संगणक जुन्यालाच पत्ते विचारत राहिले, तर सोमवारी सकाळी लॉगिनची बोंब. जुना स्कॅनरही रुसतो. त्याला बहुधा फायली पाठवायचं जुनं तंत्र एसएमबी-1 एवढंच येतं, आणि नव्या विंडोज सर्व्हरमध्ये ते मुळात बसवलेलंच नसतं.

बॅकअप घ्याच, त्यातली एखादी फाइल परत काढूनही बघा. पायउतार करण्याआधी जुना डबा दोन-तीन दिवस नुसता बंद ठेवावा. कोण ओरडतं, ते तेव्हाच कळतं.