पहिली कयाक घेताय? आधी लाइफ जॅकेट, मग गळ

गंगापूर धरणाच्या पाण्यात कयाकवरून मासे धरायचा बेत घरातल्या पोरांनी केला असेल, तर खरेदीचा क्रम आपण आधी ठरवू या.

पहिली गोष्ट परवानगी. धरणातल्या मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सोसायटीकडे असतो. तिला आणि जलसंपदा विभागाला विचारल्याशिवाय उतरू नये. नांदूर मधमेश्वर तर अभयारण्य आहे, रामसर स्थळही. तिथे गळ नकोच.

नवख्याने वर बसायची कयाक घ्यावी. तिच्या तळाला आरपार भोकं असतात, वर आलेलं पाणी त्यातून निघून जातं. माणूस 75 किलोचा आणि सामान 15 किलो असेल, तर क्षमता किमान 130 किलो हवी. काठोकाठ वजन भरलं की कयाक डगमगते.

मग लाइफ जॅकेट, शिट्टी, दोरीने बांधलेलं वल्हं, फोनसाठी पाणी न शिरणारी पिशवी आणि अडकलेली दोरी कापायला चाकू. जॅकेट अंगात, बकल लावलेलं हवं. पोहणाराही दमतो.

पहिल्या दिवशी गळ घरीच ठेवा. काठाजवळ, छातीभर पाण्यात, सोबतीला कुणी असताना कयाक मुद्दाम उलटवा आणि परत वर चढा. हे जमेपर्यंत खोल पाण्यात जायचं नाही. पावसाळ्यात विसर्ग सुरू असताना तर अजिबात नाही.