दहा हजार कामगार की पाच हजार?

२०२२ च्या मे महिन्यात शिक्षकांच्या एका शिबिरात चहाच्या सुट्टीत एक गणिताचे शिक्षक दोन कागद घेऊन माझ्याकडे आले. त्यांच्या कनिष्ठ महाविद्यालयाला माजी विद्यार्थ्यांनी देणगी दिली होती आणि तिच्यातून संगणक प्रयोगशाळेसाठी एक चांगले ग्राफिक्स कार्ड घ्यायचे होते. कागदांवर दोन कार्डांची माहितीपत्रके होती. एक एनव्हिडिया कंपनीचे आरटीएक्स ३०९०, दुसरे एएमडी कंपनीचे आरएक्स ६९०० एक्सटी. दोन्ही २०२० च्या अखेरीस बाजारात आलेली. पहिल्याची जाहीर किंमत १,४९९ डॉलर, दुसऱ्याची ९९९. शिक्षक म्हणाले, ‘‘सर, पहिल्यात १०,४९६ कोअर आहेत, दुसऱ्यात ५,१२०. मग पहिले दुप्पट वेगवान हवे ना? पण मुलं म्हणतात, खेळांच्या चाचण्यांत दोन्ही जवळपास सारखीच चालतात. वर्गात भांडणं लागलीत. खोटं कोण बोलतंय?’’

खोटे कोणीच बोलत नव्हते. पण आकडे कसे तयार होतात हे कळल्याशिवाय हे भांडण मिटणारे नव्हते.

आधी ग्राफिक्स कार्डाचे काम पाहू. ‘४के’ म्हणतात त्या पडद्यावर ३,८४० गुणिले २,१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख बिंदू असतात. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची तर दर सेकंदाला जवळपास ५० कोटी वेळा एकेका बिंदूचा रंग ठरवावा लागतो. प्रत्येक बिंदूचे गणित सोपे असते आणि बरेचसे शेजारच्या बिंदूवर अवलंबून नसते. म्हणून इथे एका हुशार कारकुनापेक्षा हजारो साधे कामगार बरे. या एकेका कामगाराला एनव्हिडिया ‘क्युडा कोअर’ म्हणते आणि एएमडी ‘स्ट्रीम प्रोसेसर’.

माहितीपत्रकावरचा सर्वांत ठळक आकडा टेराफ्लॉपचा असतो: सेकंदाला अपूर्णांकांवरच्या किती लाख कोटी क्रिया होतात तो. हा कोणी मोजलेला नसतो, तो नुसता गुणाकार असतो. प्रत्येक कोअर एका ठोक्यात एक गुणाकार आणि एक बेरीज, म्हणजे दोन क्रिया करतो असे धरायचे. ३०९० चे ठोके सेकंदाला १.६९५ अब्ज, म्हणून १०,४९६ × २ × १.६९५ = ३५,५८१ अब्ज, म्हणजेच ३५.६ टेराफ्लॉप. ६९०० एक्सटीचे ठोके २.२५ अब्ज, ५,१२० × २ × २.२५ = २३,०४० अब्ज, म्हणजे २३ टेराफ्लॉप. हे गणित फळ्यावर पाच मिनिटांत करून दाखवता येते आणि मुलांचा माहितीपत्रकाविषयीचा धाक बराच कमी होतो. गृहीत मात्र असे आहे की एकही कामगार क्षणभरही रिकामा बसत नाही.

आता १०,४९६ चे अवयव पाडून पाहा: ८२ × १२८. आणि ५,१२० म्हणजे ८० × ६४. कामगार सुटे नसतात, ते दालनांत बसवलेले असतात. दालने दोन्ही कार्डांत जवळपास सारखीच आहेत, ८२ आणि ८०! फरक आहे तो एका दालनात किती कामगार मोजले यात. एनव्हिडियाच्या २०१८ सालच्या आरटीएक्स २०८० टीआय या कार्डात दर दालनात अपूर्णांकांचे गणित करणारे ६४ आणि पूर्णांकांचे गणित करणारे वेगळे ६४ होते. त्या वेळी मोजदादीत फक्त पहिले ६४ धरले जात; ६८ दालने, ४,३५२ कोअर. ३०९० च्या पिढीत दुसऱ्या ६४ जणांनाही अपूर्णांक शिकवले आणि मोजणी एकदम १२८ वर गेली. पूर्णांकांचे काम आले की ते याच ६४ जणांना करावे लागते आणि तेवढा वेळ ते अपूर्णांकांना उपलब्ध नसतात.

इथे एक सांभाळून घ्यायला हवे. एएमडीच्या ६४ जणांनाही ही दोन्ही कामे करावी लागतातच, त्यामुळे एवढ्याने कोडे सुटत नाही. खरी गोष्ट पुढे आहे. पंगतीसाठी पोळ्या लाटणारे दुप्पट केले आणि तवे तेवढेच ठेवले तर पोळ्या दुप्पट होत नाहीत. चित्राला कोअरशिवाय आणखी दोन ठिकाणांहून जावे लागते. वस्तूंवर दगड, लाकूड, कापड यांचा पोत चढवणारे भाग वेगळे असतात. ते दर दालनात दोन्हीकडे चारच, म्हणजे ३२८ आणि ३२०. ठोक्यांनी गुणले की ३०९० ला ५५६ मिळतात आणि ६९०० एक्सटीला ७२०. तयार बिंदू शेवटी मेमरीत लिहिणारे भाग ११२ आणि १२८. गुणाकार १९० आणि २८८. या दोन्ही ओळींत स्वस्त कार्ड पुढे आहे, आणि त्याचे बरेचसे श्रेय जलद ठोक्यांना जाते. जाहिरातीत या ओळी ठळक छापत नाहीत.

मेमरीची कथा अधिक रंजक आहे. ३०९० ची चिप आणि मेमरी यांच्यात ३८४ डेटावाहिन्या आहेत, प्रत्येकीवरून सेकंदाला १९.५ अब्ज बिट जातात. गुणून आठने भागले की ९३६ गिगाबाइट. ६९०० एक्सटीत वाहिन्या २५६ आणि वेग १६ अब्ज. उत्तर ५१२, जवळपास निम्मे. कागदावर हा सामना इथेच संपायला हवा होता. पण एएमडीने चिपच्या आतच १२८ मेगाबाइटची एक कोठी बांधली आणि तिला ‘इन्फिनिटी कॅश’ असे भारदस्त नाव दिले. लागणारा माल कोठीतच सापडला तर बाजारात जावे लागत नाही. कंपनीच्या मोजणीप्रमाणे ४के खेळांत सरासरी ५८ टक्के वेळा माल कोठीतच सापडतो. म्हणजे बाहेर जायचे ते फक्त ४२ टक्के वेळा, आणि ५१२ भागिले ०.४२ म्हणजे सुमारे १,२१९. ५१२ चा रस्ता १,२०० च्या रस्त्यासारखे काम करू लागतो. अर्थात पडदा जितका मोठा तितका माल जास्त आणि कोठी अपुरी. म्हणूनच ४के वर ३०९० थोडे पुढे सरकते आणि लहान पडद्यांवर दोन्ही बरोबरीत येतात. किरणांचा माग काढून सावल्या आणि प्रतिबिंबे रेखाटायची असतील तर मात्र ३०९० स्पष्टपणे सरस आहे.

हे झाले खेळांचे. आमच्या क्षेत्रात प्रश्न वेगळा असतो, आणि इथे मी स्वतः एकदा फसलो आहे. टेराफ्लॉपचा ठळक आकडा सुमारे सात सार्थ अंकांच्या गणिताचा असतो. रेणूंच्या हालचालींचे गणित लाखो पायऱ्यांनी पुढे नेताना शेवटच्या अंकातली चूक साचत जाते, म्हणून आमचा प्रोग्राम पंधरा अंकांत लिहिलेला होता. मी ठळक आकडा पाहून कार्ड मागवले आणि ते जुन्या प्रोसेसरपेक्षा फारसे पुढे जाईना. दोष कार्डाचा नव्हता. माहितीपत्रकाची खालची ओळ मी वाचली नव्हती. ३०९० मध्ये पंधरा अंकी काम करणारे भाग दर दालनात फक्त दोन, त्यामुळे वेग ठळक आकड्याच्या चौसष्टावा हिस्सा, ०.५६ टेराफ्लॉप. ६९०० एक्सटीत तो सोळावा हिस्सा, १.४४. म्हणजे या कामात ‘निम्मे’ कार्ड अडीच पट वेगवान ठरते!

तेव्हा शिक्षकांना मी उलटा प्रश्न विचारला, ‘‘कार्डावर मुलं काय करणार?’’ ते म्हणाले, ‘‘चेतापेशींच्या जाळ्यांचे प्रयोग.’’ त्या कामाला सात अंकच काय, तीनही पुरतात, पण सगळे जाळे कार्डाच्या मेमरीत मावावे लागते. १० अब्ज संख्यांचे जाळे, दर संख्येला दोन बाइट, म्हणजे २० गिगाबाइट. ३०९० च्या २४ गिगाबाइटमध्ये ते बसते, दुसऱ्याच्या १६ मध्ये बसत नाही. शिवाय या क्षेत्रातले बरेचसे तयार प्रोग्राम एनव्हिडियाच्या क्युडा प्रणालीसाठी लिहिलेले होते. मी ३०९० सुचवले. कोअरच्या संख्येचा त्यात काही संबंध नव्हता. कार्ड ३५० वॉट खाते, दुसरे ३००; वीजपुरवठ्याचा डबा त्या मानाने घ्या, एवढे वर सांगितले.

त्याच वर्षी पुढे गंमत झाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०९० आले. ३०९० मधली ६ मेगाबाइटची आतली कोठी त्यात ७२ मेगाबाइटची झाली होती. डिसेंबरमध्ये एएमडीचे आरएक्स ७९०० एक्सटीएक्स आले: ९६ दालने, ६,१४४ स्ट्रीम प्रोसेसर, ठोके २.५ अब्ज. मुलांना हा गुणाकार करायला द्यावा. उत्तर ३०.७ टेराफ्लॉप येते. कंपनी मात्र ६१ सांगते, कारण जुळणाऱ्या सूचना सापडल्या तर यातला एक कामगार एकाच ठोक्यात दोन सूचना उरकू शकतो. किती वेळा सापडतात, ते प्रोग्रामवर अवलंबून.