डाय शिरेबाहेर जातो तेव्हा

पर्वत पाटिया, लिंबायत, डिंडोली या सुरतेच्या पट्ट्यात खानदेशातून आलेली मराठी घरं पुष्कळ. तिथं सीटी स्कॅनची चिठ्ठी हाती पडली की किडनीची आणि ॲलर्जीची चौकशी होते, ती रास्तच आहे. स्कॅनसाठी शिरेतून देतात तो डाय शिरेत न जाता दंडाच्या मांसात उतरला तर काय, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

१९२९च्या सुमारास आयोडीनयुक्त डाय शिरेतून देणं सुरू झालं. १९५०च्या दशकातले डाय रक्तापेक्षा पाच-सहापट तीव्र होते. शिरेबाहेर गेले की ते भोवतालचं पाणी ओढून घेत; हात फुगे, फोड येत, कधी कातडी मरून जाई. धमनीतून दिले तर रुग्ण कळवळत. स्वीडनमधल्या माल्मोचे क्ष-किरणतज्ज्ञ टॉर्स्टेन आल्मेन यांनी त्या वेदनेचंच कारण शोधलं. तीव्रता कमी करता येईल, हे त्यांनी १९६९मध्ये मांडलं. त्यातून १९८०च्या दशकात आयोहेक्सॉल हा कमी तीव्रतेचा डाय आला. आज सर्रास वापरले जाणारे डाय रक्ताच्या दुप्पट-तिप्पटच तीव्र असतात. रुग्णाचं कळवळणं कुणीतरी मनावर घेतलं, म्हणून हे घडलं.

पुढे स्कॅनची यंत्रं वेगवान झाली आणि डाय देण्याची रीत बदलली. हातानं सिरिंज दाबणाऱ्याला अडथळा जाणवे, तो थांबे. आता इंजेक्टर यंत्र सेकंदाला तीन-चार मिली या वेगानं डाय ढकलतो आणि तंत्रज्ञ काचेपलीकडे असतो. शीर फुटली, सुई सरकली, तर अर्ध्या मिनिटात पन्नास-शंभर मिली डाय मांसात जाऊ शकतो. डाय असा शिरेबाहेर जाणं हजारात साधारण एक ते बारा जणांच्या बाबतीत घडतं. बहुतेकांची सूज आपोआप उतरते. क्वचित मात्र हाताच्या आतला दाब इतका वाढतो की रक्तपुरवठा तुटतो आणि तातडीनं शस्त्रक्रिया करावी लागते. वृद्ध, तान्ही मुलं, केमोथेरपीनं शिरा खराब झालेले आणि बोलू न शकणारे रुग्ण यांना धोका जास्त.

अंगभर ऊब वाटणं नेहमीचं आहे. सुईपाशी दुखणं, ताण येणं नेहमीचं नाही. ही सूचना रुग्णाला त्याच्या भाषेत, स्कॅनआधीच मिळायला हवी. गुजरातीत अडखळणाऱ्या खानदेशी आजीला तर ती मराठीतच सांगावी लागेल.

सुईपाशी दुखलं तर तिथंच ओरडून सांगा. हात उंच ठेवा, थंड शेक द्या, डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय घरी निघू नका. घरी आल्यावर सूज वाढली, बोटं बधिर वा गार पडली, फोड आले, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठा.