डाळ बंद करण्याआधी

रक्त तपासल्यावर कागदावर 'युरिक ॲसिड वाढलंय' असं आलं की घरात पहिला हुकूम सुटतो: डाळ बंद, पालक बंद. मग ताटात उरतं काय? भाकरी नि चटणी. आज या गाऊटच्या पथ्याबद्दल बोलू. वैद्य याला वातरक्त म्हणतात.

आधी एक सांगते. दुखणारा प्रत्येक गुडघा म्हणजे गाऊट नव्हे. उठता-बसता वर्षानुवर्षं कुरकुरणारा गुडघा बहुतेक वेळा झिजेचा असतो. गाऊट अचानक उठतो, पुष्कळदा रात्री. पायाच्या अंगठ्याचा सांधा लाल होतो, सुजतो, तापतो. अंगावरची चादरसुद्धा सोसवत नाही. आठ-पंधरा दिवसांत ठणका बसतो आणि पुढे केव्हातरी परत येतो. हा त्रास पुरुषांना जास्त होतो. आपल्याला पाळी असेतो शरीरातलं संप्रेरक युरिक ॲसिड लघवीवाटे बाहेर टाकायला मदत करतं. पाळी गेली की ती मदत संपते, म्हणून पन्नाशीपुढच्या बायकांनीही लक्ष द्यावं.

हे ॲसिड बरंचसं आपल्या शरीरातच तयार होतं, थोडं जेवणातून येतं. मूत्रपिंड ते बाहेर टाकतं. ते काम कमी पडलं की रक्तात साठतं आणि सांध्यात त्याचे सुईसारखे बारीक खडे धरतात.

ते वाढवतं काय? सगळ्यात आधी दारू, त्यातही बिअर. मग कलेजी, गुर्दा, मटणाचा घट्ट रस्सा, सुकट, तारली, कोळंबी. आणि बाटलीतली गोड थंड पेयं. अमेरिकेत 47 हजारांवर पुरुषांचा 12 वर्षं मागोवा घेतला, तो अभ्यास 2004 साली छापून आला. मांस-मासळी जास्त खाणाऱ्यांत गाऊट जास्त निघाला. डाळी, पालक, मटार खाल्ल्याने तो वाढल्याचं दिसलं नाही. दूध-दही घेणाऱ्यांत तर कमीच दिसला. आपल्याकडे मात्र वरण बंद होतं आणि संध्याकाळची बाटली चालू राहते! पथ्य बाईच्या चुलीवर आणि सूट दारूला, हे मला तरी पटत नाही.

तेव्हा वरण, मूग, मटकी ठेवा. ताक प्या, पातळ आणि बेताच्या मिठाचं. दिवसभर पाणी घ्या. फक्त मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर पाणी किती प्यायचं हे डॉक्टरांनाच विचारा.

उपवासाचं मुद्दाम सांगते. हरतालिकेसारखा निर्जळी उपवास गाऊट असलेल्या बाईने करू नये. पाणी तुटतं, आणि उपाशी शरीरात जी आम्लं तयार होतात ती युरिक ॲसिडला बाहेर पडू देत नाहीत. दुसऱ्या दिवशी पाय टेकवणं अवघड होऊ शकतं. वजन कमी करायचं तेही हळूहळू, उपाशी राहून नव्हे.

पण नुसत्या पथ्याने युरिक ॲसिड थोडंच उतरतं. ठणका वारंवार येत असेल तर ते 6 च्या खाली ठेवावं लागतं आणि त्यासाठी बहुधा रोजची गोळी लागते. दुखणं थांबलं म्हणून ती सोडायची नसते. दुकानातून आणून आठवडेच्या आठवडे वेदनाशामक गोळ्या खाल्ल्या तर मूत्रपिंडालाच धक्का बसतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, खास करून लघवी वाढवणाऱ्यांनी, युरिक ॲसिड वाढतं. म्हणून त्या आपल्या मनाने बंद करू नका, तपासणीला जाताना पाकिटासकट घेऊन जा. आणि ठणक्याच्या दिवसांत केलेली तपासणी कधी कधी अगदी बरोबर येते. तसं झालं तर दोन-तीन आठवड्यांनी, दुखणं बसल्यावर, पुन्हा रक्त तपासून घ्या.