गिलावा वाळण्यास लागणारा काळ

स्वयंपाकघर नवें करावयाचें म्हटलें म्हणजे गृहस्थ खर्चाचा अंदाज पैपैचा काढतो. दिवसांचा अंदाज मात्र गवंड्यावर सोपवितो. गवंडी सांगतो, "चार दिवसांत गिलावा आटोपतो." तें खरेंच असतें, परंतु गिलावा आटोपला म्हणजे तो वाळला असें नव्हे. हें अंतर हिशेबांत न धरल्यामुळें कर्ज काढून केलेलीं कपाटें वर्षाच्या आंत फुगतात आणि रंगाचे पोपडे निघूं लागतात.

सिमेंट वाळून घट्ट होत नाहीं. तें पाण्याशीं संयोग पावून घट्ट होतें. म्हणून पहिले निदान सात दिवस गिलाव्यावर पाणी मारून तो सतत ओला ठेवावा लागतो. याच आठवड्यांत ऊन-वारा लागून तो सुकला तर भुसभुशीत राहतो व त्यास भेगा जातात. सात दिवस संपल्यावर मात्र सारें उलटतें. जें पाणी आपण आग्रहानें पाजलें, तेंच आतां बाहेर जावयास हवें.

हें पाणी असतें तरी किती? दहा फूट लांब, रुंद व उंच अशा खोलीच्या भिंती दार-खिडकी वजा जातां सुमारें ३५० चौरस फूट भरतात. त्यांवर १२ मिलिमीटर जाडीचा गिलावा चढविल्यास त्या मालांत सुमारें १०० लिटर पाणी कालवलेलें असतें. त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास सिमेंटमध्यें कायमचें बद्ध होतें. उरलेलें साठ-पासष्ट लिटर, शिवाय विटांनीं शोषलेलें व वरून मारलेलें, हवेनेंच न्यावें लागतें. कोंकणांत श्रावणांत हवा आधींच ओथंबलेली. तेथें महिना लोटला तरी भिंत हातास गार लागते. देशावर चैत्रांत तीच भिंत पुष्कळ लवकर वाळते.

ओल्या भिंतीवर तेलाचा रंग देण्यांत आणखी एक धोका आहे. सिमेंटपासून सुटलेला चुना तीव्र अल्कधर्मी असतो. ओल असतांना त्याचा तेलाशीं संयोग होऊन साबण बनतो आणि रंग चिकट होऊन सुटतो. हा प्रयोग प्रयोगशाळेंतच बरा. जिप्समच्या गिलाव्यास पाणी मारावें लागत नाहीं व तो लवकर वाळतो खरा. पण सततच्या ओलीनें तो मऊ पडतो, म्हणून मोरीजवळच्या भिंतीस तो घेऊं नये.

समजा, नाताळापूर्वीं स्वयंपाकघर तयार हवें आहे. तर मागें मोजीत यावें. रंग, ओटा व कपाटें यांस तीन आठवडे धरल्यास डिसेंबरच्या आरंभीं भिंत कोरडी पाहिजे. त्याआधीं वाळण्यास निदान चार आठवडे, त्याआधीं पाणी मारण्याचे सात दिवस. म्हणजे गिलावा २५ ऑक्टोबरच्या सुमारास आटोपला पाहिजे. नळ व विजेच्या तारा भिंतींत बसविण्याचें काम त्याच्याही पूर्वीं; कारण वाळलेला गिलावा फोडून पुन्हा भरला कीं त्या जागेचे दिवस पहिल्यापासून मोजावे लागतात. हेंच काम दिवाळीसाठीं काढलें तर गिलावा भर पावसाळ्यांत येतो. त्यापेक्षां दिवाळीचा फराळ जुन्याच ओट्यावर करणें मला अधिक शहाणपणाचें वाटतें.

ओट्याच्या दगडाचें व कपाटांचें माप गिलाव्यानंतरच घ्यावें. जुना गिलावा खरवडून मोजलेली खोली नव्या गिलाव्यानें जवळजवळ एक इंच आंखूड होते.

भिंत वाळली कीं नाहीं, हें डोळ्यांनीं ठरवूं नये. वरचा थर पांढरा दिसला तरी आंत ओल असूं शकते. दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा चारी कडा चिकटपट्टीनें बंद करून भिंतीवर लावावा व दुसऱ्या दिवशीं काढावा. आंतून दंव दिसलें किंवा त्याखालचा गिलावा गडद झाला, तर सुतारास आठ दिवसांनीं येण्यास सांगावें व पुन्हा तपासावें. मोरीमागची व जिला ऊन लागत नाहीं ती भिंत बहुधा सर्वांत उशिरां वाळते. तुकडा तेथेंच लावावा.