खडकावर चढायचं तर टायर केवढा हवा?

कोलकाता हे गंगेच्या गाळावर वसलेलं सपाट शहर. इथला सर्वांत मोठा चढ म्हणजे उड्डाणपूल. तरीही सॉल्ट लेक आणि न्यू टाउनच्या सोसायट्यांत हल्ली थार, जिम्नी, गुरखा अशा गाड्या दिमाखात उभ्या दिसतात. गाडी घरी आली की महिन्याभरात मुलगा मोबाइलवर परदेशातले व्हिडिओ दाखवू लागतो: कंबरभर उंचीचे टायर लावलेल्या जीप पालीसारख्या खडकांवर चढत असतात. मग प्रश्न येतोच, "बाबा, आपणही मोठे टायर टाकू या का?"

हो किंवा नाही म्हणण्याआधी थोडं गणित करा. चुकीचा टायर घेतला तर पैसे जातातच, शिवाय घरच्यांना घेऊन हमरस्त्यावर निघाल्यावर गाडीच्या ब्रेकवरचा भरवसाही कमी होतो.

आधी आकडे वाचा

टायरच्या बाजूवर आकार लिहिलेला असतो. २०२० साली आलेल्या, नाशिकला तयार होणाऱ्या तीन दारांच्या थारचा एक आकार आहे २५५/६५ आर १८. याचा अर्थ असा: रुंदी २५५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १६६ मिलिमीटर आणि आतली रिम १८ इंचांची. वरची भिंत, खालची भिंत आणि रिम यांची बेरीज केली की पूर्ण उंची मिळते: ७८९ मिलिमीटर, म्हणजे ३१ इंच.

त्याच थारचा दुसरा आकार आहे २४५/७५ आर १६. त्याची उंची ७७४ मिलिमीटर, साधारण साडेतीस इंच. जिम्नीचा मूळ टायर १९५/८० आर १५ आहे, म्हणजे ६९३ मिलिमीटर किंवा सव्वासत्तावीस इंच.

आता यातली गंमत पाहा. १८ इंची रिम दिसायला रुबाबदार, पण १६ इंची रिमवरच्या टायरची भिंत १८ मिलिमीटरने जास्त आहे. खडकावर हीच भिंत दबते, दगडाला कवेत घेते आणि रिमला मार लागू देत नाही. म्हणजे दगडांसाठी मोठी रिम नव्हे, जाड भिंत हवी.

टायर दोन इंच वाढला, गाडी एकच इंच उचलली

टायर मोठा करण्यामागचा मुख्य हेतू गाडीचं पोट जमिनीपासून वर उचलणं हा असतो. पण धुरा चाकाच्या मध्यावर असते, म्हणून उंचीत जेवढी वाढ होते तिच्या निम्माच फायदा मिळतो.

३१ इंची थारला ३३ इंची टायर लावला तर मागच्या डिफरन्शियलखाली फक्त २५ मिलिमीटर जागा वाढते. ३५ इंची लावला तर ५० मिलिमीटर. जिम्नीला २३५/७५ आर १५ लावला तर २० मिलिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या रुंदीएवढी. मोठ्या चाकाचा आणखी एक फायदा खरा आहे: ते दगडाला कमी तिरक्या कोनात भिडतं, त्यामुळे पायरी सोपी जाते.

आता खर्चाची बाजू. ३५ इंची टायर मूळ टायरपेक्षा सुमारे १३ टक्के मोठा. तेवढाच गिअरचा जोर जमिनीपर्यंत कमी पोहोचतो आणि खडकावर मुंगीच्या पावलांनी चढताना नेमका तोच जोर लागतो. तो परत मिळवायचा तर क्राउन-पिनियन बदलावं लागतं. ब्रेकला जास्त ताकद लावावी लागते, स्टेअरिंग वळवलं की टायर मडगार्डला घासतो, स्पीडोमीटर चुकतो. काटा ८० दाखवत असेल तेव्हा गाडी प्रत्यक्षात ९० च्या वेगाने धावत असते. आणि टायर चार नव्हे, पाच घ्यावे लागतात. चारचाकी ड्राइव्हच्या गाडीत वेगळ्या उंचीची स्टेपनी लावून चालवलं तर गिअरच्या यंत्रणेवर ताण येतो.

चिकट म्हणजे गोंद नव्हे

रॉक क्रॉलिंगच्या स्पर्धांत 'स्टिकी' टायर वापरतात. कॅलिफोर्नियातल्या जॉन्सन व्हॅलीत होणाऱ्या 'किंग ऑफ द हॅमर्स' शर्यतीत ३७ आणि ४० इंची टायर दिसतात. या टायरना काही लावलेलं नसतं, त्यांचं रबरच मऊ असतं. रबराचा कठीणपणा ड्युरोमीटरने मोजतात. रस्त्यावरच्या टायरचा आकडा साधारण ६० ते ७० असतो, चिकट टायरचा चाळिशीत. मऊ रबर खडकाच्या बारीक खरबरीत पृष्ठभागात रुतून बसतं, म्हणून घसरत नाही.

पण जे रबर दगडाला धरतं ते डांबरावर भराभर झिजतं. अशा अनेक टायरची विक्रीच केवळ स्पर्धेसाठी होते आणि स्पर्धक गाडी ट्रेलरवर घालून नेतात. आपलं तसं नाही. कोलकात्याहून पुरुलियाच्या अयोध्या डोंगरापर्यंत सुमारे ३०० किलोमीटर, दार्जिलिंगच्या पायथ्याच्या सिलिगुडीपर्यंत साडेपाचशेच्या वर. परतीचा प्रवास वेगळाच. शंभर मीटरच्या खडकासाठी हजार किलोमीटर डांबर! चिकट टायरचा बराचसा जीव वाटेतच संपेल. शिवाय मऊ रबर ओल्या हमरस्त्यावर वेगात वळताना डुलतं.

फुकटातला चिकटपणा

हवा कमी केली की टायर दबतो, जमिनीला टेकणारा भाग लांब होतो आणि साधा टायरही दगड धरू लागतो. रस्त्यावर तीस-बत्तीस पीएसआय हवा असेल तर खडकावर ती १८ पर्यंत उतरवून पाहा. साध्या रिमवर १५ च्या खाली जाऊ नका, टायर रिमवरून सुटू शकतो. डांबरावर परतताच पुन्हा हवा भरायची. कमी हवेत वेगाने चालवलं तर टायर तापून फुटतो. म्हणून हवा मोजायचा गेज आणि बारा व्होल्टचा पंप ही पहिली खरेदी. मोठ्या टायरच्या तुलनेत तिला नगण्य पैसे लागतात.

संदकफूच्या म्हाताऱ्या गाड्या

याचा पुरावा पश्चिम बंगालमध्येच आहे. मानेभंज्यांगहून राज्यातल्या सर्वोच्च शिखराकडे, ३,६३६ मीटर उंचीच्या संदकफूकडे, १९५० च्या दशकातल्या लँड रोव्हर अनेक दशकं प्रवासी घेऊन चढत आल्या. आता रस्त्याचा बराच भाग पक्का झाला आहे, पण पूर्वी ती सगळी दगडांची उतरंडच होती. त्या काळच्या छोट्या लँड रोव्हरचा मूळ टायर होता ६.००-१६, म्हणजे जेमतेम सहा इंच रुंद आणि २८-२९ इंच उंच. आजच्या थारपेक्षा अरुंद आणि बुटका!

मग त्या चढायच्या कशा? गाडी हलकी आणि आखूड, लो-रेंज गिअर, आणि स्टेअरिंगवर असा माणूस, ज्याला कोणत्या दगडावर कोणतं चाक ठेवायचं ते पाठ असे. कमी टायरवर त्यांनी जास्त डोकं चालवलं.

कायदाही पाहा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच अधोरेखित केलं. म्हणून त्याच मॉडेलसाठी कंपनीने दिलेल्या आकारांतून निवड करणं सर्वांत सुरक्षित. त्यापलीकडे जायचं असेल तर आधी आरटीओ आणि विमा कंपनीला लेखी विचारा.

मग घ्यायचं काय?

वर्षातून दोन-तीनदा डोंगरात जाणाऱ्या कुटुंबाला मूळ आकाराचा, जाड भिंतीचा ऑल-टेरेन टायर पुरतो. चिखलातच जास्त खेळायचं असेल, गोव्यातल्या 'रेनफॉरेस्ट चॅलेंज'सारख्या पावसाळी स्पर्धेचं स्वप्न असेल, तर मड-टेरेनचा विचार करा. ३५ इंची चिकट टायर हा त्यांच्यासाठी, ज्यांच्याकडे खेळासाठी वेगळी गाडी आणि ती वाहून नेणारा ट्रेलर आहे.

खरेदी करताना बाजूवरचा चार आकडी तारखेचा शिक्का जरूर वाचा. '२३२४' म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेलं रबर कडक होतं, मग नाव कितीही 'स्टिकी' असो.

आणि मुलाला एक काम द्या. आपल्या गाडीच्या टायरवरचे आकडे वाचून त्याची उंची त्यालाच काढू द्या. मग त्याच्या आवडत्या टायरची काढायला सांगा, आणि फरकाचा निम्मा करायला. उत्तर अंगठ्याएवढं आलं की पुढची चर्चा बरीच सोपी होते.