हळदीकुंकवापासून सेवासदनापर्यंत
धार आणि देवास ही माळव्यातील पवारांची संस्थाने. देवासची तर थोरली व धाकटी अशी दोन पाती. अठराव्या शतकात तेथे स्थिरावलेल्या मराठी घरांनी भाषेबरोबर सणवार नेले, आणि त्यांत स्त्रियांचे हळदीकुंकूही. घराबाहेर एकत्र येण्याचे ते हक्काचे निमित्त होते. स्त्रियांच्या अशा एकत्र येण्यातून समाजसेवा कशी उभी राहते, याचे ठळक उदाहरण मात्र पुण्यात सापडते.

पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला. त्याच्या सभांतून घडलेल्या रमाबाई रानडे यांनी २ ऑक्टोबर १९०९ रोजी गोपाळ कृष्ण देवधर यांच्या सहकार्याने पुणे सेवासदन सुरू केले. प्रौढ स्त्रियांसाठी लेखन-वाचनाचे व शिवणाचे वर्ग भरू लागले. त्यांना फारसा विरोध होण्याचे कारण नव्हते. खरी कसोटी रुग्णशुश्रूषेची होती. परक्या, परजातीच्या रुग्णाला स्पर्श करणे सोवळ्याओवळ्याच्या कल्पनेत बसत नसे. घरंदाज स्त्रीने ते काम पत्करणे तर कमीपणाचेच मानले जाई. तरीही सेवासदनाने स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेच्या शिक्षणासाठी पाठवले आणि वसतिगृहेही चालवली. नातेवाइकांच्या दयेवर दिवस काढणाऱ्या विधवेच्या हाती त्यामुळे स्वतःची मिळकत आली. हळदीकुंकवात जिला स्थान नव्हते, तीच येथे कामाच्या केंद्रस्थानी आली.

रमाबाई येरवड्याच्या कारागृहातील स्त्री-कैद्यांनाही भेटत. १९२४ मध्ये त्यांचे निधन झाले. सेवासदनाच्या शाळा मात्र पुण्यात आणि सोलापुरात पुढेही चालू राहिल्या.